सरांच्या सहीची पत्रं

शिफारसपत्र कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं नाही. सरांनी मला सरळ लिहायलाच बसवलं. मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. लॅबमधला एक सीनियर पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांसाठी मिळते त्या संशोधनाच्या नोकरीसाठी, परदेशी अर्ज करत होता आणि त्याला आमच्या गाइडचं, म्हणजे सरांचं, पत्र हवं होतं. सर केबिनला कुलूप लावता लावता म्हणाले, "अगं, तू एक ड्राफ्ट काढून ठेव. मी बघतो." त्यांनी काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सही झालेला कागद माझ्या टेबलावर होता आणि माझ्या मजकुरातला स्वल्पविरामसुद्धा हललेला नव्हता. मला काय आनंद झाला होता! वाटलं, सरांचा आपल्यावर केवढा विश्वास. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग ते माझं कामच होऊन बसलं. कुणालाही कुठेही जायचं असलं की सर म्हणायचे, "तिला सांगा, ती करेल." मी त्यांच्या आवाजात लिहायला शिकले. सर बोलताना लांबण लावतात, पण पत्रातले सर मी मोजकं बोलणारे केले. त्या सरांचं विद्यार्थ्यांवर बारीक लक्ष असायचं. कोण कशात हुशार आहे, कोण कुठे अडला आणि कसा सुटला, सगळं त्यांना ठाऊक असायचं. खरे सर बऱ्याच जणांना आडनावानेसुद्धा ओळखत नव्हते. एका मुलाने सहा महिन्यांत तीन थर्मामीटर फोडले, त्याच्याबद्दल मी लिहिलं की हा प्रयोगाला घाबरत नाही. तो आज कुठल्याशा थंड देशात सुखाने नांदतो आहे. लग्नाच्या पत्रिकेत त्याने सरांचे आभार मानले होते.

या धंद्याची एक खुबी मला लवकरच कळली. नुसती स्तुती लिहिली तर वाचणाऱ्याला संशय येतो. म्हणून एखादा दोष टाकायचा. बिनविषारी, पण खरा वाटेल असा. 'नोंदवह्यांच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर आहे.' 'सभेत पटकन बोलत नाही, पण बोलतो तेव्हा तयारीने बोलतो.' एवढा एक दोष असला की वरची सगळी स्तुती गळी उतरते.

माझं स्वतःचं संशोधन वाळवण्यावर होतं. आमच्या आगाशीच्या बाजूला हे काही अवघड शास्त्र नाही, घरोघरी चालतं. थंडी सरता सरता आमच्या वाडीतली राजेळी केळी पिकवून, सोलून, आई उन्हात वाळवते आणि त्यांची सुकेळी करते. आठ-दहा दिवसांचं काम. मध्येच आभाळ आलं तर सगळा माल आंबतो. दिवसा ऊन द्यायचं आणि संध्याकाळी सगळी केळी गोळा करून केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून ठेवायची. लहानपणी मी विचारलं होतं की एवढा खटाटोप कशाला, झाकण घालून तिथेच ठेव ना. आई म्हणाली, "त्यांना जरा पडू दे. आतलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. दामटवलं तर वरून चामडं होतं आणि आत कच्चं राहतं."

माझा सगळा प्रबंध आईच्या या तीन वाक्यांवर उभा आहे. मी पत्र्याची आणि काचेची वाळवणपेटी केली. ती दिवसा तापलेली हवा आतून खेळवायची आणि संध्याकाळी झडपा मिटून मालाला विसावा द्यायची. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात ती बनवून घेतली, तेव्हा तिथला वेल्डर म्हणाला होता, "मॅडम, कोंबड्या पाळणार का याच्यात?" चौथ्या खेपेला तिच्या झडपा नीट मिटायला लागल्या. मग मी ती अर्नाळ्याला नेली आणि एका मावशींच्या गळ्यात पडून त्यांचे दोन टोपल्या बोंबील मागितले. पहिली खेप बघून मावशी म्हणाल्या, "बाय, ह्ये बोंबील हायेत का चुलीतली लाकडं? कोन खानार ह्ये?" मी वेळा बदलल्या, विसावा वाढवला. तिसऱ्या हंगामात त्यांनी एक बोंबील मोडून वास घेतला आणि आणखी दोन टोपल्या आणून ठेवल्या. माझ्या लेखी खरी पदवी मला तेव्हा मिळाली. विद्यापीठाची मागाहून आली.

पदवीनंतर मी त्याच लॅबमध्ये राहिले. एक प्रोजेक्ट संपला की दुसरा, दर वेळी नवीन करार. सर म्हणायचे, "जागा निघाली की तुलाच कायम करून घेऊ." जागा निघत नव्हती. पोरं येत होती, माझी पत्रं घेऊन जात होती आणि मी तिथेच होते. मला खंत नव्हती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. विमानतळावरून त्यांचे फोटो यायचे, तेव्हा मी शाबासकीच्या अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळी व्हायचे आणि मग उगाच पेटीच्या झडपा पुसत बसायचे.

चार वर्षं अशी गेल्यावर युरोपातल्या एका तंत्रविद्यापीठाची जाहिरात आली. पोस्टडॉकची एक जागा, दोन वर्षांसाठी. विषय: उन्हावर फळं आणि मासे वाळवण्याच्या पद्धती. मी ती तीनदा वाचली. वाटलं, कुणीतरी आमच्या अंगणात डोकावून ही लिहिली आहे. अट एकच आडवी येणारी होती. पीएचडी होऊन पाच वर्षं उलटलेली नसावीत. म्हणजे या वर्षी मी बसत होते, पुढच्या वर्षी नाही. अशा बहुतेक सगळ्या जागांना हीच अट असते. हुकलं की हुकलंच.

आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "तिथे केळी आहेत का?" मी म्हटलं, केळी नाहीत, पण ज्यांच्याकडे केळी आहेत त्यांच्यासाठी ते यंत्रं करतात. ती म्हणाली, "मग जा की. वाडीचं तू बघू नकोस. मी आहे, गडी आहेत. केळी काय पळून जात नाहीत." वडील गेल्यापासून वाडी तीच सांभाळते आणि तिला कुणी मदत देऊ केली तर राग येतो. संध्याकाळपर्यंत आमच्या आळीत सगळ्यांना कळलं होतं.

अर्जाबरोबर गाइडचं पत्र हवं होतं आणि ते गाइडने स्वतःच, त्यांना आलेल्या लिंकवरून पाठवायचं होतं. आता खरी गोष्ट सांगते. सरांची मेल लॅबच्या संगणकावर कायम उघडीच असायची. त्या मेलमधून आजवरची सगळी पत्रं मीच पाठवली होती. माझ्या अर्जाची लिंक आली तेव्हाही त्या खुर्चीवर मीच बसले होते. पत्र मी लिहून ठेवलेलंच होतं. एक बटण दाबायचं बाकी होतं.

मी दाबलं नाही. दुसऱ्यांची पत्रं पाठवताना कधी काही वाटलं नव्हतं, पण स्वतःचं पत्र स्वतःच पाठवणं मला बरं दिसेना. आमच्याकडे जेवायला बसल्यावर स्वतःच्या ताटात स्वतःच गोड वाढून घेत नाहीत, तसंच काहीसं. आणि आतून, खोल कुठेतरी, एक हावही होती. सरांनी ते वाचावं. एकदा तरी वाचावं आणि हो म्हणावं. मी केबिनमध्ये जाऊन माझा ड्राफ्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "सर, सगळ्यांचं मी करते, पण माझ्या पत्राचं तेवढं तुम्हीच करा." सर चष्मा काढून हसले. "अगदी. तुझं मीच करणार."

त्या पत्रात मी दोषही टाकला होता, माझ्याच नियमाप्रमाणे. पण इतरांसाठी शोधून काढायचे तसा खोटा दोष मला स्वतःसाठी सुचेना. मी लिहिलं, 'घरच्या जबाबदाऱ्या ती मनाला लावून घेते.' ते खरं होतं. वाटलं, वाचणाऱ्याला यात वाईट काय दिसणार.

मुलाखत घरूनच दिली, व्हिडिओवर. आईने शेजारच्या वाडीतला पंप तासभर बंद ठेवायला सांगितला होता आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसली होती, कुणी हाक मारत येऊ नये म्हणून. समोर तिघं होते. पहिला अर्धा तास माझा होता. झडपा, विसावा, बोंबील, सगळं मी असं सांगितलं की मलाच माझा अभिमान वाटला. मग त्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "घरच्या शेतीची जबाबदारी तुमच्यावर आहे असं दिसतं. दोन वर्षं लांब राहणं जमेल?" मला वाटलं, त्यांनी माझाच दोष वाचला. मी हसून सांगितलं की शेती आई बघते आणि मी बघितलेली तिला खपत नाही. त्या हसल्या नाहीत, त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

नंतर दुसऱ्याने विचारलं, "विसाव्याची ही मूळ कल्पना तुमच्या गाइडची, बरोबर? तुमचा स्वतःचा भाग कोणता?"

मी गोंधळले. हा प्रश्न कुठून आला हे मला कळेना. आणि माझ्या तोंडून काय गेलं? जे आमच्याकडे प्रत्येक समारंभात, प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर, प्रत्येक सत्काराला सगळे म्हणतात तेच. "सरांचं मार्गदर्शन तर होतंच. खरं म्हणजे जे काही झालं ते सरांमुळेच." असं म्हणायचं असतं. आपल्याकडे ऐकणाऱ्यालाही कळतं की ही नुसती रीत आहे. उलट कुणी 'माझं मी केलं' म्हटलं तर लोक त्याला नावं ठेवतात. त्या तिघांनी माझा शब्द न् शब्द खरा मानला. तो गृहस्थ म्हणाला, "प्रांजळपणाबद्दल आभार." मी नंतर आईची कल्पना वगैरे सांगायला गेले, पण ते सारवासारव केल्यासारखं वाटलं असणार.

तीन आठवड्यांनी नकार आला. सभ्य, तीन ओळींचा. सर म्हणाले, "जाऊ दे गं. तिथे स्पर्धाच फार." आणि मला चहा पाजला. मी त्यांचा चहा प्यायले, त्यांचे आभार मानले.

पुढच्या महिन्यात एका ज्युनियर मुलीचं पत्र पाठवायचं होतं. दुपारची वेळ, लॅबमध्ये मी एकटीच. तिची लिंक शोधायला मी सरांच्या मेलमध्ये परदेशी विद्यापीठांकडून आलेल्या मेल चाळत होते, तर माझ्या अर्जाची पोच समोर आली. 'आपण पाठवलेल्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.' उघडायला नको होती म्हणा. मी उघडली.

ते माझं पत्र नव्हतं. भाषा सरांची होती, खरीखुरी सरांची, लांबण लावणारी. मी वक्तशीर आहे असं त्यात होतं. मी लॅबचे अहवाल, हिशेबाचे कागद आणि पत्रव्यवहार उत्तम सांभाळते, माझ्यावाचून त्यांचं पान हलत नाही, असंही होतं. पेटीचा संपूर्ण तपशील होता, झडपांच्या मापांसकट, एकही आकडा चुकलेला नव्हता. आणि मग, सरांच्याच शब्दांत: 'विसाव्याने वाळवण्याची मूळ कल्पना माझी, तिने ती मन लावून राबवली. स्वतंत्रपणे प्रश्न शोधण्याची तिची तयारी अजून झालेली नाही.' माझ्या पत्रातलं एकच वाक्य त्यांनी घेतलं होतं, दोषाचं. त्याचा त्यांनी परिच्छेद केला होता. 'वडिलांच्या पश्चात आई तिच्यावर अवलंबून आहे, बागायतीचा भार तिच्यावर आहे, घर सोडून ती किती काळ राहू शकेल याबद्दल मला शंका वाटते.'

मी ते परत परत वाचलं नाही. एकदा पुरलं. मला आधी रागसुद्धा आला नाही. लाज वाटली. चोरी त्यांनी केली आणि पकडली गेले मी, असं काहीतरी.

घरी आई सुकेळी पानांत बांधत होती. दर वर्षी पहिली पुडी सरांची असते. बांधून बाजूला ठेवलेली होती. मी तिला सगळं सांगितलं, पत्र मराठीत करून. विसाव्याच्या कल्पनेचं ऐकून ती आधी समजलीच नाही. मग म्हणाली, "त्यांनी कधी सुकेळी केलीयत?" मी म्हटलं, खाल्लीयत. पुढचं, ती माझ्यावर अवलंबून असल्याचं, मी सांगणार नव्हते, पण तिने विचारलं की आणखी काय लिहिलंय, आणि मला खोटं बोलता आलं नाही. तिचे हात थांबले. "माझं नाव घेऊन तुला अडकवली? मला विचारलं होतं का त्या माणसाने?" वडील गेले तेव्हा मी तिला जशी बघितली होती तशी ती त्या दिवशी दिसली, आणि हे मी सरांना कधीही माफ करणार नाही. जरा वेळाने तिने बाजूला ठेवलेली पुडी सोडली, एक सुकेळं माझ्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं. आम्ही दोघींनी ती अख्खी पुडी संपवली.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, मी पत्र वाचलं." कुठलं पत्र, असं त्यांनी विचारलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "बस." मी बसले नाही.

"अगं, तू गेली असतीस तर ही लॅब कोण बघणार होतं? चार जणांचे प्रबंध अडकलेत. मी काय, जन्मभर अडवणार होतो का? जागा निघाली की तुला..."

"विसावा आईचा आहे, सर. तुम्हाला माहीत होतं. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"ते गं, लिहिताना असंच लिहावं लागतं. आणि तुझी तक्रार कशाबद्दल आहे? एवढ्या वर्षांत मी स्वतः बसून पत्र लिहिलंय ते फक्त तुझं. पूर्ण दुपार घालवली. बाकी कुणासाठी मी तेवढा वेळ काढलाय?"

हे ते खरंच बोलले, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यांच्यासमोर रडायचं नाही एवढंच मी ठरवून आले होते. मी म्हटलं, "या महिन्यानंतर मी येणार नाही."

सरांनी टेबलावरचे कागद उगाच नीट केले. मग म्हणाले, "बरं, बघू आपण. पण त्या मुलीचं पत्र आज जायला पाहिजे. शेवटची तारीख आहे. तेवढं करून टाक."

"तुम्ही लिहा, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गंमत करत नाही हे त्यांना कळायला जरा वेळ लागला. मुलीचं नुकसान व्हावं असं मला वाटत नव्हतं, म्हणून मी तिथेच उभी राहिले. त्यांनी संगणक ओढला, कोरं पान उघडलं. तिचं नाव लिहिलं. मग बराच वेळ त्या नावाकडे बघत बसले.

"ही नक्की कशावर काम करते गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते टाइप करायला लागले. दोन ओळी झाल्यावर पुन्हा थांबले. तिचा प्रयोग कुठला, तिला काय सापडलं, ती किती वर्षं इथे आहे, ती मुळात कुठली. एकेक गोष्ट ते विचारत होते आणि मी सांगत होते. तीन वर्षं ती मुलगी त्यांच्या केबिनपासून वीस पावलांवर बसत होती.

माझ्याबद्दल लिहिताना मात्र त्यांना कुणाला काहीही विचारावं लागलं नव्हतं.